स्टीअरिंग वळवताना 'टंग' आवाज येतो, रॅक गेला का?

वाईकर७२
गाडी 2007 ची पेट्रोल हॅचबॅक, हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग, 1,12,000 किमी. गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढून 'टंग' असा आवाज येतो, ताणलेली स्प्रिंग सुटावी तसा. त्याच क्षणी स्टीअरिंगला हलका झटका बसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना दोन-तीनदा होतं. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. ऑइल लेव्हल बरोबर, गळती नाही. पावसाळ्यानंतर सुरू झालंय. गॅरेजवाले रॅकच (स्टीअरिंगची फिरकी चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी) बदला म्हणतात. त्याआधी काय तपासू?

नट_बोल्ट
रॅकला अजिबात हात लावू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं स्ट्रट बेअरिंगची आहेत.

पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग चाकाबरोबर फिरतात, पण वरचं माउंटिंग बॉडीला बोल्टने पक्कं असतं. या दोघांच्या मधे हे स्ट्रट बेअरिंग असतं आणि त्या बाजूचा भार स्प्रिंगमधून त्याच्यावरच येतो. पाणी-चिखल शिरून ग्रीस धुतलं गेलं की ते जाम होतं. मग स्प्रिंगचं खालचं टोक फिरतं, वरचं अडकून राहतं. पीळ भरत जातो आणि सहन होईनासा झाला की स्प्रिंग एकदम सटकते. तोच तो 'टंग', तोच झटका. स्टीअरिंग परत येत नाही तेही त्यामुळेच, पीळ त्याला अडवून धरतो.

तपासायचं असं. बॉनेट उघडा, एकाला स्टीअरिंग सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही चाकाच्या कमानीतून स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला नुसता तळवा टेकवा. दोन वेढ्यांच्या मधे बोट चुकूनही घालू नका. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गुळगुळीत फिरते. जाम असेल तर थांबते, थरथरते, मग उडी मारते. ती उडी हाताला स्पष्ट कळते.

मग जॅक. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, एकच बाजू उचला, स्टँड द्या आणि स्टीअरिंग फिरवा. जी बाजू उचलल्यावर आवाज बंद होतो, ती दोषी. भार गेला की पीळच भरत नाही.

घाटरस्ता
वरच्याशी सहमत. तरी गाडी जॅकवर आहेच तर बाकीचंही बघून घ्या. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा, खेळ (ढिलेपणा) लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारे सांधे. 12 आणि 6 वर खेळ लागला तर चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग; एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा, खेळ थांबला तर बेअरिंग.

आवाजाची जातही ओळखा. गाडी चालू असताना पूर्ण वळणावर 'कट-कट-कट' येतं ते अॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचं, त्याचं रबरी आवरण (बूट) फाटलंय का बघा. इंजिन चालू असताना 'घूंऽऽ' म्हणजे पॉवर स्टीअरिंगच्या पंपात हवा किंवा ऑइल कमी. वळवताना किंचाळी म्हणजे बेल्ट ढिला. शेवटचे दोन्ही आवाज इंजिन बंद केलं की थांबतात. तुमचा 'टंग' इंजिन बंद ठेवूनही येतो का, ते आधी बघा. आला तर पंप आणि बेल्ट यादीतून गेले.

वाईकर७२
इंजिन बंद ठेवूनही आवाज आला. उजवी बाजू उचलली तर थांबला, त्याच स्प्रिंगला उडी लागते. खेळ कुठेच नाही. बेअरिंग एकाच बाजूचं बदलू का? घरी जमेल?

नट_बोल्ट
दोन्ही बाजूंचं बदला. डाव्यानेही तेच पाणी खाल्लंय, आणि मजुरी पुन्हा द्यावी लागेल. माउंटिंगचं रबर चिरलं किंवा बसलं असेल तर तेही सोबतच घ्या.

चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) नसेल तर घरी करू नका. स्प्रिंग दाबून वरच्या सीटवरचा (स्प्रिंग टेकते त्या बैठकीवरचा) ताण पूर्ण निघाल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही. स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.

गॅरेजमध्ये उभे राहून तीन गोष्टी बघा. शॉकअपचे खालचे दोन बोल्ट काढण्याआधी जुन्या जागेची खूण करायला लावा, चाकाचा कॅम्बर (आत-बाहेर झुकाव) तिथे बदलतो. बेअरिंगची वरची-खालची बाजू उलटी बसू देऊ नका. आणि स्प्रिंगचं खालचं टोक सीटमधल्या खाचेत नीट टेकलंय ना ते पाहा. ते सरकलेलं राहिलं तर नवीन बेअरिंग घालूनही 'टंग' येतच राहील.

माउंटिंगवर वरून स्प्रे मारून आवाज दबतो, पण थोड्याच दिवसांपुरता. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजेल.