दाणा, बी, बियाणं, बेणं... फरक नेमका कुठं पडतो?

नमस्कार मंडळी. माझी पुतणी सातवीत आहे, परवा तिच्या वहीत एका ओळीवर लाल फुली बघितली आणि तेव्हापासून हे डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकतोय. तिनं लिहिलं होतं, "डाळिंबाच्या बिया आपण खातो." बाईंनी 'बिया' खोडून 'दाणे' केलं. बोलण्यात बाईंचंच बरोबर आहे, सोलापुरात घरोघरी डाळिंब सोलतात पण 'बिया काढून दे' असं कोणी म्हणत नाही, दाणेच म्हणतात. पण शास्त्राच्या वहीत पोरीचं बरोबर होतं हो! डाळिंबाचा एकेक दाणा म्हणजे अख्खी बी आहे. दाणा दातात धरून फोडला की लाल रस निघतो ना, ते बीच्या सालीचं बाहेरचं आवरण आहे, आणि आत जे टणक पांढरट लागतं ते तिचं आतलं आवरण. आपण गर म्हणून जे चोखतो ती बीचीच साल.

आणि याच्या बरोब्बर उलटं ज्वारीचं. ज्वारीच्या दाण्याला सगळे बी म्हणतात, पण तो दाणा म्हणजे अख्खं फळ. घरी करून बघा, रात्री शेंगदाणे आणि ज्वारी दोन वाट्यांत भिजत घाला. सकाळी शेंगदाण्याचं गुलाबी टरफल अंगठ्यानं सर्रकन सुटतं, ती झाली बीची साल. ज्वारीचं मात्र काही केल्या तसं सुटत नाही कारण तिथं फळाची साल आणि बीची साल एकमेकाला चिकटून एकच झालेली असते. म्हणजे डाळिंबाचा दाणा ही बी आणि ज्वारीचा दाणा हे फळ, आणि मराठीत दोन्ही 'दाणा'च. मग दाणा म्हणजे काय धरायचं? तुमच्याकडं कसं म्हणतात सांगा.

प्रतिसाद १

मी मोहोळ तालुक्यातला, घरची शेती आहे. आमच्यात हे शब्द कामावरून ठरतात बघा, झाडावरून नाही. तीच ज्वारी पोत्यात असली की दाणे, गिरणीवर नेली की दळण, आणि खळ्यावरच चांगली भरलेली कणसं निवडून बाजूला ठेवली की ते बियाणं. त्याला 'बी धरणं' म्हणतात. आई ते वेगळ्या मडक्यात राख घालून ठेवायची, त्याला घरात कितीही नड आली तरी हात लावायचा नाही. आणि पेरताना तेच चाड्यातून (पाभरीवरची बी सोडायची वाटी) पडायला लागलं की नुसतं 'बी', म्हणून तर चाड्यावर मूठ धरली म्हणतात.

मालदांडी ज्वारीचं बी वर्षानुवर्षं धरता येतं कारण ते सरळ वाण आहे, ज्वारीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं म्हणून पुढचं पीक आईसारखंच निघतं. (मालदांडी ३५-१ ही निवड आमच्या मोहोळच्याच केंद्रातली, हे सांगायला मला फार अभिमान वाटतो.) संकरित ज्वारीचं बी धरून पेरलं तर रानात एक ताट (ज्वारीचा धांडा) उंच एक बुटकं, कणसं पण सारखी नाहीत. म्हणजे दाणा तोच दिसतो, खायला पण चालतो, पण बियाणं म्हणून तो गेला. मला वाटतं हा खरा फरक आहे, दाणा पोटासाठी आणि बियाणं पुढच्या सालासाठी.

आणखी एक, मधल्या अवस्थांना पण शब्द आहेत ते पोरांना शिकवा. पोटरीत येणं (कणीस पानाच्या आतच फुगतं), मग कणीस निसवणं म्हणजे बाहेर पडणं, मग फुलोरा, तो कणसाच्या शेंड्याकडनं सुरू होऊन रोज थोडा थोडा खाली उतरतो, मग दाण्यात चीक भरतो, त्यापुढं हुरडा. दाण्याच्या बुडाला काळा ठिपका आला की दाणा पक्का झाला समजायचं, त्यानंतर ताटाकडनं त्याला काही मिळत नाही.

प्रतिसाद २

दादा छान लिहिलंय. 'बेणं' राहिलं की पण! माळशिरस-पंढरपूरकडं उसाला कोणी बियाणं म्हणत नाही, बेणंच. टिपरी म्हणजे उसाच्या कांड्याचा तुकडा तोडून लावायची, डोळा फुटतो आणि ऊस होतो, तिथं फूल नाही पराग नाही काही नाही, बेण्याचा ऊस जसा तसाच्या तसा पुढचा. हा फरक मराठीनं किती नेमका पकडलाय, बी म्हणजे फुलातून आलेलं आणि बेणं म्हणजे अंगातून तोडलेलं. उसाला फूल येतं, त्यालाच आपण तुरा म्हणतो, आणि शेतकऱ्याला तो नकोच असतो कारण तुरा आला की वाढ थांबते, पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, ऊस पोकळ व्हायला लागतो. पण त्या तुऱ्यातच खरं बारीक बी असतं आणि नवीन जाती त्यातूनच काढतात. आपण ८६०३२ ही जात लावतो ना, त्याच्या आधी 'को' लिहितात, ते कोइमतूरचं को, तिथल्या ऊस पैदास संस्थेत जाती तयार होतात म्हणून.

डाळिंबाचं पण तेच, दाण्यापासून बाग कोणी लावत नाही, गुटी बांधून (झाडावरच फांदीला मुळं फोडून) रोपं करतात, कारण दाण्यातून आलेलं झाड भगवा जातीच्या झाडासारखंच भगवा निघेल याचा भरवसा नाही.

प्रतिसाद ३

मग भुईमुगाचं काय? तो तर जमिनीतनं उपटून काढतो, मग मुळी म्हणायची का शेंग?

प्रतिसाद ४

ताई, शेंगच. फूल वरच येतं, पिवळं, पानांच्या बुडाशी. ते फळलं की त्यातून आऱ्या (दोऱ्यासारखे देठ) सुटतात आणि खाली वाकून मातीत घुसतात, शेंग मातीत पोसते. म्हणून तर आऱ्या सुटायच्या आत माती भुसभुशीत पाहिजे असं सगळे सांगतात. शेंगाचटणी सोलापूरची म्हणून जगभर जाते, त्यातला दाणा मात्र पक्का बी आहे, बाहेरचं टणक टरफल म्हणजे फळाची साल.

मला कोय आणि आठळीवर बोलायचंय. आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कापसाची सरकी, एवढे शब्द कुठल्या भाषेत असतील असं वाटत नाही. आणि त्यात कोय म्हणजे फक्त बी नाही, वरचं टणक कवच हे फळाच्याच सालीचं आतलं अंग, बी आत. बोराचं पण तसंच. नान्नजच्या माळावर बोरं खायला पाखरं येतात, माळढोक पण बोरं खातो, आणि ती टणक कवचातली बी पोटातून सहीसलामत दूर जाऊन पडते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, म्हणून लेंडीखत टाकलेल्या रानात बाभळीची रोपं हमखास उगवतात.

आणि 'कुसळ'! म्हणीतलं कुसळ सगळ्यांना माहीत पण माळावरचं बघितलंय का? कुसळी गवताचं एक सुकं कुसळ तळहातावर घ्या आणि पाण्याचा एक थेंब टाका, ते पीळ उलगडत स्वतःहून फिरायला लागतं. वाळलं की परत पीळ घेतं. असं ओलं-सुकं होत होत ते दाण्याला मातीत स्क्रूसारखं घुसवतं. पायजम्यात रुततं ते पण तसंच, म्हणजे ते आपल्याला मातीच समजतं.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. एक दुरुस्ती पण सुचवतो, पोरांच्या नोट्समध्ये फुलं-फळं येणाऱ्या झाडांना 'आवृत्तबीजी' लिहिलेलं दिसतं, ते 'आवृतबीजी' पाहिजे. आवृत म्हणजे झाकलेलं, बी फळात झाकलेली असते म्हणून. आवृत्त म्हणजे परत फिरून आलेलं, त्याचा इथं काही संबंध नाही.

पुतणीला सगळं वाचून दाखवलं. तिनं वहीत खोडलेल्या ओळीखाली लिहिलंय, "डाळिंबाचे दाणे म्हणजे त्याच्या बिया, त्या आपण खातो." आता तिनं मला करडईचं विचारलंय. आम्ही करडईचं बी म्हणतो पण तेही ज्वारीसारखं फळच आहे, फक्त त्यात आतली बी सालीला चिकटलेली नसते, टरफल फोडलं की सुटी निघते. रविवारी फोडून बघणार आहोत.