रूपसिंगांच्या स्मृतिदिनी १९३२ च्या नियमांनी सामना खेळवायचाय, तयारी कशी करावी?

लष्कर_लेफ्टइन:
१६ डिसेंबरला हॉकीपटू कॅप्टन रूपसिंगांचा स्मृतिदिन. ग्वाल्हेरात त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं, पण आज बहुतेकांना ते सचिनच्या २०१० च्या नाबाद २०० धावांमुळे ठाऊक. हार-भाषणांऐवजी यंदा मंडळातर्फे त्यांच्या काळच्या नियमांनी सामना ठेवायचा विचार आहे. कोणते नियम बदलावे लागतील? खिलाडूवृत्तीचं बक्षीस कसं ठरवावं?

जुनी_शिट्टी:
तीन नियम परत आणलेत तरी सामन्याचा बाज बदलेल.

पहिला, बुली. सामना सुरू करताना आणि प्रत्येक गोलनंतर, मैदानाच्या मध्यावर. दोन्ही संघांतला एकेक जण समोरासमोर, चेंडू मध्ये, आपला गोल आपल्या उजव्या हाताला. स्टिक आधी जमिनीला, मग चेंडूवरून समोरच्याच्या स्टिकला, असं तीनदा. त्यानंतरच चेंडूला स्टिक लावायची. मुलं तिसऱ्या टप्प्याआधीच ओढतात, म्हणून आदल्या दिवशी सराव हवाच.

दुसरा, बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने जमिनीलगत सरपटत आत सोडायचा. उसळवायचा नाही.

तिसरा आणि सगळ्यात अवघड, ऑफसाइड. पास मारला त्या क्षणी समोरच्यांच्या अर्ध्यात, चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे किमान तीन गडी हवेत (गोलकीपर धरून). आजची मुलं ऑफसाइडशिवाय वाढलीत, ती गोलपाशी जाऊन उभी राहतात आणि पंच चेंडू पोहोचल्यावर बघतो. बघायचं असतं ते पास निघताना. पंचाने चेंडूमागे न धावता बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून तिसऱ्या गड्याच्या (गोलकीपर धरून) रेषेत राहावं.

रचनाही तेव्हाचीच ठेवा: दोन फुलबॅक, तीन हाफबॅक, पाच फॉरवर्ड. त्याशिवाय लेफ्ट-इन (सेंटर फॉरवर्डच्या लगत डावीकडचा फॉरवर्ड) म्हणजे काय हे कळणारच नाही. रूपसिंग तिथे खेळत, शेजारी सेंटर फॉरवर्डला थोरले भाऊ ध्यानचंद.

कंपू_मैदान:
कृत्रिम टर्फ नको, खरं गवत घ्या. गवत दोन सेंटिमीटरच्या आत कापा, दोन दिवस आधी हलकं पाणी आणि आदल्या संध्याकाळी रोलर. ओल्यावर लगेच रोलर फिरवला तर माती चाकाला चिकटून खड्डे पडतात आणि चेंडू उसळून गुडघ्यावर येतो.

स्टिक सगळ्यांना लाकडीच द्या. एकाकडे कंपोझिट (कृत्रिम धाग्यांची) आणि दुसऱ्याकडे लाकडी असेल तर फटक्याच्या वेगात फार फरक पडतो. चेंडू कातडी मिळाला तर उत्तम (१५६ ते १६३ ग्रॅम), पण तो दवाने जड होतो. दोन-तीन कोरडे जवळ असू द्या.

गोलकीपरच्या बाबतीत मात्र जुनेपणाचा हट्ट नको. हेल्मेट, छातीचं कवच, पॅड, किकर्स (पावलांवरची जाड संरक्षक आवरणं), सगळं आजचंच. पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग-फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत जोरात भिरकावणं) बंद ठेवा.

डिसेंबरात आपल्याकडे सकाळी धुकं असतं, त्यामुळे बाराच्या आधी सुरू करू नका.

लष्कर_लेफ्टइन:
पूर्ण ३५-३५ मिनिटं खेळवावं का? आमच्यात पन्नाशीचेही आहेत.

जुनी_शिट्टी:
तेव्हा बदली खेळाडू नसत, जखमी झाला की दहा जणांत खेळायचं. पन्नाशीच्यांना ते झेपायचं नाही आणि झेपवूही नये. २५-२५ मिनिटं ठेवा आणि बदली खेळाडू द्या.

दालबाजार_वाचक:
फलकावर आकडे नीट लिहा. लॉस एंजेलिस ऑलिंपिकला १९३२ मध्ये भारताने अमेरिकेला २४-१ ने हरवलं, त्यात रूपसिंगांचे १० आणि ध्यानचंदांचे ८. जपानविरुद्ध ११-१, त्यात रूपसिंगांचे ३. म्हणजे स्पर्धेत रूपसिंग १३, ध्यानचंद १२. थोरल्या भावाच्या सावलीतला धाकटा अशी त्यांची ओळख करून देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. हा एक गोलाचा फरक मोठ्या अक्षरांत लिहा. बर्लिनच्या १९३६ च्या संघातही ते होते. अंतिम सामना १५ ऑगस्टला, जर्मनीविरुद्ध ८-१.

बक्षिसाचं प्रेक्षकांवर सोपवू नका, सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला टाळ्या पडतात. दोन्ही पंचांनी वेगवेगळी चिठ्ठी लिहावी आणि तीनच गोष्टी बघाव्यात: चेंडू पायाला लागला हे शिट्टीआधी कोणी स्वतःहून सांगितलं, स्वतःला संधी असताना मोकळ्या साथीदाराला पास कोणी दिला, आणि निर्णय विरुद्ध गेल्यावर चेंडू खाली ठेवून लगेच मागे कोण सरलं. हरलेल्या संघातलं नाव आलं तरी तेच जाहीर करायचं, हे नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना सांगून ठेवा.