मदत हवी आहे: सेफिक्झिम ड्राय सिरप ५० लिहिलंय, दुकानातून १०० ची बाटली आली

जुई_जाई
मुलगी ३ वर्षांची, वजन १२ किलो. लघवीतल्या जंतुसंसर्गासाठी सेफिक्झिम ५० मिग्रॅ/५ मिली, ५ मिली दिवसातून दोनदा, ७ दिवस असं लिहून दिलंय. दुकानदाराने "औषध तेच आहे" म्हणत १०० मिग्रॅ/५ मिली ची ३० मिली बाटली दिली. युरिन कल्चर (लघवीत कोणता जंतू आहे ते बघणारी तपासणी) सकाळी दिलंय, औषध अजून सुरू केलेलं नाही. डोस किती द्यायचा? पाणी किती घालायचं? शिवाय गेल्या वर्षी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिन गटातलं औषध) चालू असताना अंगावर पुरळ आलं होतं, त्याची फाइलमध्ये नोंद नाही. हे चालेल का?

फार्मसी_काउंटर
मिली विसरा, मिग्रॅ बघा. नेहमीचा हिशेब दिवसाला किलोमागे ८ मिग्रॅ. १२ किलोला ९६, म्हणजे ५० मिग्रॅ दोनदा हे बरोबर आहे. तुमच्या बाटलीत ५० मिग्रॅ २.५ मिलीत येतात. चिठ्ठीप्रमाणे ५ मिली दिलंत तर दुप्पट जाईल. तरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून बदललेली बाटली आणि पुरळ दोन्ही सांगा.

बाटलीवरचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. एकाच ब्रँडच्या नावापुढे दोन अक्षरं वाढली की आत सेफिक्झिमसोबत ऑफ्लॉक्सासिन किंवा क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड असं दुसरं औषधही असू शकतं.

पाण्याचं: ३० मिली पाणी मोजून ओतू नका. पावडरही जागा व्यापते, औषध पातळ होईल. आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा. उकळून *पूर्ण थंड* केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. सोबत पाण्याची कुपी आली असेल तर तीच, आणि पूर्ण. द्यायच्या आधी दर वेळी हलवा, नाहीतर सुरुवातीला पातळ जातं आणि तळाशी जास्त उरतं. मोजायला ५ मिलीची तोंडाने द्यायची सिरिंज घ्या. घरातला चमचा नको, प्रत्येकाचं माप वेगळं.

बालरोग_ओपीडी
पुरळाबद्दल नेमकं विचारते. औषध दिल्यावर तासाभरात खाजणाऱ्या गांधी उठल्या? ओठ-डोळे सुजले, धाप लागली, उलट्या झाल्या? की चार-पाच दिवसांनी सपाट, न खाजणारे लाल ठिपके आले?

पहिला प्रकार असेल तर आज घरी पहिला डोस देऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला. दुसरा बहुतेक वेळा विषाणूच्या तापातला असतो. पेनिसिलिन चाललं नाही की सगळी सेफॅलोस्पोरिन (सेफिक्झिमचा गट) बाद, हा जुना समज. खरा प्रश्न रेणूच्या बाजूच्या साखळीचा (रेणूला जोडलेल्या भागाचा) असतो. सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफाक्लोर यांची साखळी अमॉक्सिसिलिनसारखी, म्हणून तिथे जपावं लागतं. सेफिक्झिमची वेगळी आहे.

जुई_जाई
पाचव्या दिवशी, सपाट ठिपके, खाज नव्हती. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं: २.५ मिली दोनदा, सुरू करा म्हणाले. जेवणाआधी की नंतर? आणि जुलाब झाले तर?

फार्मसी_काउंटर
सेफिक्झिम कसंही चालतं. सेफ्युरॉक्झिम किंवा सेफपोडॉक्झिम असतं तर जेवणासोबतच द्या म्हटलं असतं, पोटात अन्न असलं की ती जास्त शोषली जातात. डोस विसरला तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडा, दोन एकत्र नकोत.

आणि एक हिशेब: २.५ × १४ = ३५ मिली. ३० ची बाटली ६ दिवसांत संपेल. "बाटली संपली म्हणजे कोर्स संपला" हा घोळ इथेच होतो. त्याच ताकदीची दुसरी बाटली आणून कोरडीच ठेवा, सातव्या दिवशीच पाणी घाला. कालवलेलं औषध लेबलवर लिहिलंय तितकेच दिवस, बहुतेकांवर ७ दिवस असतं. उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही.

बालरोग_ओपीडी
शी पातळ होणं नेहमीचं. ओआरएस द्या, जेवण चालू ठेवा, औषध स्वतःहून थांबवू नका. जुलाब थांबवणारी गोळी मुळीच नको. शीमध्ये रक्त, पोटात जोराच्या कळा किंवा थांबतच नाहीत असे जुलाब असतील तर दाखवा. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी झाले तरी या औषधाचा उल्लेख करा. गांधी, चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास दिसला तर पुढचा डोस नाही, थेट १०८.

ताप असेल तर ४८ तासांत उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला, किंवा मूल पाणीही पोटात ठेवत नसेल, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. रिपोर्टमध्ये जंतूच्या नावाखाली सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रायॅक्झोनपुढे (त्याच गटातलं इंजेक्शन) 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू दाद देत नाही) असेल, किंवा ईएसबीएल (अशी औषधं निकामी करणारं जंतूचं विकर) लिहिलं असेल, तर हे सिरप पुरणार नाही, बदलावं लागेल. डोस वाढवून उपयोग नाही. औषधाच्या आधी नमुना दिलात ते बरं झालं, एका डोसनंतरही कल्चर कोरं येऊ शकतं.