मदत हवी आहे: अहिराणी-भिलीत फिल्म करणाऱ्यांना लघुपट महोत्सवात कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

येत्या दिवाळीच्या सुमारास धुळ्यात लघुपट महोत्सव भरवायचं आम्ही काही मित्रांनी ठरवलं आहे. हॉलचं आणि प्रोजेक्टरचं जमलं आहे, पाहुण्यांच्या जेवणाराहण्याची जबाबदारीही काही घरांनी आपणहून घेतली आहे. अडलंय प्रवेशिकांवर. आवाहन केल्यावर पुण्या-मुंबईहून फिल्म्स भराभर आल्या, पण ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ते खान्देशातले लोक जवळजवळ नाहीतच.

ते फिल्म करत नाहीत असं मुळीच नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, बागलाण आणि थेट सुरतेतलं उधना-लिंबायत, सगळीकडे अहिराणीत काही ना काही शूट होत असतं. यातले बरेच जण लग्नाच्या ऑर्डरी घेणारे, त्यामुळे कॅमेरा, ड्रोन, एडिटिंग सगळं घरचंच. कलाकार गावातले, लोकेशन शेतातलं, आणि फिल्म तयार झाली की त्याच रात्री यूट्यूबवर. विनोदी जास्त असतात. पण मधूनच कापसाच्या भावावर किंवा ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या म्हातारीवर एखादी अशी येते की पोटात कालवतं. अशी फिल्म तळहाताएवढ्या मोबाईलवर बघून लोक पुढे सरकतात याचं मला फार वाईट वाटतं.

प्रत्यक्ष भेटून विचारलं तर एकच उत्तर मिळतं: "आमनं पिच्चर तठे कोन देखी?" मला हा प्रश्न रास्त वाटतो. आमच्या परीक्षकांत आत्ता अहिराणी कळणारं कुणीच नाही, पावरी-भिली या आदिवासी बोली तर दूरच. शिवाय आमचा फॉर्म इंग्रजीत, प्रवेश फी ऑनलाइन, आणि फिल्म आधी कुठेही प्रदर्शित झालेली नसावी ही अट. ही अट दुसऱ्या एका महोत्सवाच्या नियमावलीतून आली आहे. ती ठेवली तर इथला जवळपास प्रत्येक जण बाद होतो.

अनुभवी लोकांकडून हवं ते असं: यूट्यूबवर आलेली फिल्म घ्यावी का? बोलीभाषांचा वेगळा विभाग करावा की सगळ्यांना एकाच स्पर्धेत ठेवावं? मला स्वतःला वेगळा विभाग म्हणजे वेगळी पंगत वाटते, पण मित्रांचं मत उलट आहे. आणि हिट गाणी वापरलेल्या फिल्म्सचं काय करायचं? त्या सरसकट नाकारल्या तर ही मंडळी पुन्हा फिरकणार नाहीत.

प्रतिसाद १
ती अट आधी काढून टाका. कान महोत्सव किंवा ऑस्करच्या वाटेवरच्या फिल्मला आधी इंटरनेटवर झळकलेलं चालत नाही, हे खरं. पण धुळ्यातल्या पहिल्याच महोत्सवाला तो नियम कशाला? फक्त ही माहिती त्या मुलांना जरूर द्या. पुढची फिल्म यूट्यूबवर टाकण्याआधी वर्षभर महोत्सवांत फिरवता येते, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून खास माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी आहे, केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव तिरुवनंतपुरमला होतो. नागराज मंजुळे यांनी नगरला शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही सांगा.

प्रतिसाद २
गाण्यांबद्दल. यूट्यूबवर गाणं चालून जातं, कारण तिथे जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळवता येतात. ती काही हॉलमध्ये दाखवायची परवानगी नव्हे. फिल्म नाकारू नका, ट्रॅक बदलून पाठवायला मुदत द्या. खान्देशात त्यासाठी दुसरीकडे बघायची गरजच काय? आखाजीची, कानबाईची गाणी गावातल्या बायकांकडून गाऊन घ्या आणि स्वतः रेकॉर्ड करा. पारंपरिक गाण्यावर कुणाची मालकी नाही. फक्त गाणाऱ्या बायकांची लेखी संमती घ्या, मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं टाका.

सबटायटल तुम्ही करून द्या. सबटायटल एडिट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि इंग्रजीइतकीच मराठी सबटायटलं महत्त्वाची. पावरीतली फिल्म धुळ्याच्या प्रेक्षकालाही कळली पाहिजे ना!

प्रतिसाद ३
मी साक्रीकडचा, लग्नाची शूटिंग करतो. भाऊ, तुम्ही प्रवेशिका मागवल्या त्या ऐन लग्नसराईत. तेव्हा आम्हाला झोपायला वेळ नसतो. आमचे मोकळे दिवस म्हणजे चातुर्मास. आषाढीला आवाहन करा, कोजागिरीपर्यंत मुदत ठेवा आणि दिवाळी ते तुळशीच्या लग्नाच्या मधे महोत्सव घ्या. तेव्हा सुरत-पुण्याची माणसंही गावी असतात. व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरवून कुणी येत नाही. एक संध्याकाळ गावात या, आमचीच फिल्म पडदा लावून चौकात दाखवा, मग बघा. वेगळा विभाग नको. हरलो तरी चालेल, पण सगळ्यांबरोबर बसवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. मुदत कोजागिरीपर्यंत वाढवतोय. फॉर्म मराठीत करतोय, फी काढून टाकतोय आणि स्पर्धा एकच ठेवतोय. साक्रीच्या भाऊंच्या गावी पडदा घेऊन नक्की येणार, तारीख तुम्ही सांगा.

आता राहिलं नंदुरबार. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर नेटवर्क इतकं कमी की मोठी फाइल चढतच नाही. तिथल्या फिल्म्स पेनड्राइव्हवर घ्यायच्या ठरल्या आहेत, पण त्या गोळा करणारं तिथलं माणूस हवं. शिवाय पावरी आणि भिली बोलणारे दोन परीक्षक हवेत. शिक्षक असोत, आश्रमशाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी असोत, कुणीही चालेल. सिनेमा आवडीनं बघणारे असले म्हणजे झालं. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ. कुणाच्या ओळखीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.