बाबा कोथरूडला एकटे, आम्ही वाकडला. कॅमेरा लावावा की घड्याळ घ्यावं?

वाकडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझे बाबा ७९ वर्षांचे, आई गेल्यापासून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात पण बाकी तब्येत ठणठणीत, स्वतःचा चहा-नाश्ता स्वतः करतात, पोळीभाजीला मावशी येतात. आमच्याकडे या म्हटलं तर दोन दिवसांच्या वर थांबत नाहीत, त्यांचा कट्टा तिकडे, वाचनालय तिकडे, आणि मलाही ते सगळं सोडायला लावणं पटत नाही. पण मी वाकडला, ऑफिस हिंजवडीला, संध्याकाळी चांदणी चौकाकडून कोथरूड गाठायचं म्हणजे किती वेळ जातो ते सांगायला नको. मध्यंतरी सकाळी फोन केला तर उचलेनात, अकरा वाजले तरी उचलेनात, शेवटी शेजारच्या काकूंना बेल वाजवायला पाठवलं तर म्हणे फोन सायलेंटवर होता आणि हे गॅलरीत पेपर वाचत बसलेले. तोपर्यंत माझे हातपाय गळाले होते.

तर आता नवरा म्हणतोय घरात कॅमेरे लावून टाकू. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी काय कैदी आहे का?" आणि दोन दिवस नीट बोलले नाहीत. कॅमेरा नको तर मग ते पडल्यावर फोन लावणारं घड्याळ घ्यावं का? ते खरंच चालतं का? त्यातून हल्ली "आज रात्री तुमची लाईट कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असले मेसेज त्यांना येतात, त्याचीही धास्ती वाटते. ज्यांनी घरी काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सिंहगडरोडवाली

ताई, तुमची घालमेल अगदी समजली, आमच्या सासूबाई ८३ च्या, दिवसभर घरी एकट्याच असतात. मी आधी वस्तूंचं नाही, कडीचं सांगते. किल्ली शेजारी ठेवली, सगळं केलं, पण म्हातारी माणसं रात्री दाराला आतून कडी घालतात आणि वरची खिटीपण लावतात, मग तुमच्या त्या किल्लीचा काय उपयोग? आमच्याकडे त्यावरून बराच वाद झाला, त्यांना कडीशिवाय झोपच लागेना. शेवटी दाराला चांगलं नाइट लॅच बसवलं, आतून नुसतं ओढून घेतलं की बंद, बाहेरून किल्लीने उघडतं, आणि कडी-खिटी सुताराकडून काढूनच टाकली. बाथरूमचंही तेच. आतली कडी काढली आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं तसलं लॉक बसवलं, कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला स्टीलचे दांडे लावले. पडायचं ते बहुतेक तिथेच, ओल्या फरशीवर, आणि तिथे कॅमेरा तर लावता येत नाही.

कॅमेरा आमच्याकडे एकच आहे, हॉलमध्ये, मुख्य दाराकडे तोंड करून. कोण आलं, कोण गेलं, त्या सकाळी उठून हॉलमध्ये आल्या का एवढंच कळतं आणि तेवढं पुरतं. बेडरूममध्ये नाही म्हणजे नाही. अजून एक, कॅमेरा घेतलात तर कंपनीचा आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा, नाहीतर घरातलं चित्र भलत्यालाच दिसायचं.

पेन्शनर_७४

मी तुमच्या बाबांच्या बाजूने लिहितो, कारण मी त्याच वयाच्या आसपास आहे आणि एकटाच राहतो. आम्हाला यंत्राचा राग नसतो हो. माझा हयातीचा दाखला मी आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या देतो, त्याची सरकारी ऑनलाइन सोय, जीवन प्रमाण, २०१४ ला आली तेव्हा अंगठ्याचं मशीन लागायचं आणि आमच्या वयात बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र ते घेतच नाही, २०२१ पासून चेहऱ्याची सोय झाली तेव्हापासून बँकेतली रांग सुटली. म्हणजे शिकायची तयारी असते. राग येतो तो न विचारता लावलेल्या गोष्टीचा. आंघोळ करून पंचा गुंडाळून माणूस आपल्याच घरात फिरतो, आणि तिकडे जावई ऑफिसात बसून ते बघतोय ही कल्पनाच सहन होत नाही.

माझ्या मुलीने काय केलं, माझ्यासमोर बसून विचारलं की बाबा, तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते. मी सांगितलं, रात्री पडलो आणि फोन दुसऱ्या खोलीत राहिला तर. मग त्यावरच उपाय शोधला. आता सकाळी चहा झाला की मी तिला चहाच्या कपाचा फोटो टाकतो, साडेआठपर्यंत आला नाही तर ती फोन करते, फोन नाही उचलला तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ किल्ली घेऊन वर येतात. हा क्रम आम्ही तिघांनी मिळून ठरवलाय. कॅमेरा लावायचाच झाला तर तेच चित्र बाबांच्या फोनवरही दिसू द्या आणि बंद करायचं बटण त्यांच्या हातात द्या.

कर्वेनगर_नेटवर्कवाला

घड्याळाबद्दल सांगतो कारण काकांसाठी सगळं सेटिंग मीच केलंय. ॲपल वॉचमध्ये सिरीज ४ पासून (२०१८) फॉल डिटेक्शन आहे, जोरात पडल्याचं कळलं की ते मनगटावर ठोके देतं, स्क्रीनवर विचारतं, आणि माणूस मिनिटभर हललाच नाही तर स्वतःहून इमर्जन्सीला फोन लावतं आणि घरच्यांना लोकेशन पाठवतं. सॅमसंग गॅलक्सीच्या घड्याळांतही आहे. पण खुर्चीवरून हळूच घसरून खाली बसले तर ते दरवेळी कळेलच असं नाही, आणि साध्या मॉडेलला फोन जवळपास लागतो. ॲपलचं घ्यायचं तर आयफोन पण लागतो, म्हणजे खर्च दुप्पट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही घड्याळं साधारण रोज चार्ज करावी लागतात, लोक झोपताना काढून चार्जिंगला लावतात आणि नेमकं रात्री बाथरूमला उठताना हात मोकळा. म्हणून काकांना सवय लावली, संध्याकाळी बातम्या बघताना चार्जिंग, रात्री हातात.

घड्याळाचं बजेट नसेल तर साधा बटणाचा फोन गळ्यात अडकवा. २०१७ पासून भारतात विकायच्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की इमर्जन्सी कॉल लागायची सोय सक्तीची केलीय. नव्या अँड्रॉइडमध्ये पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबायचं, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन तुमचा नंबर भरा.

आणि लाईट! कॅमेरा, स्मार्ट स्पीकर सगळं वायफायवर, आणि पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी लाईट जाते हे नव्याने सांगायला नको. राउटरला छोटा यूपीएस लावा म्हणजे नेट काही तास तरी चालू राहतं, कॅमेऱ्यालाही बॅकअप लागेल ते बघून घ्या. स्पीकर घेणार असाल तर अलेक्साला हिंदी कळतं, मराठीचं काम नाही, काकांनी चार दिवस हिंदीत हुकूम सोडले आणि मग कंटाळले. मराठीत बोलायचं तर फोनमधलं गुगलचं असिस्टंट बरं, "आठ वाजता गोळीची आठवण कर" म्हटलेलं त्याला कळतं.

फ्रॉडचं म्हणाल तर व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत "अनोळखी कॉल सायलेंट" असं सेटिंग आहे ते आजच्या आज चालू करा. एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप कोणी फोनवरून टाकायला लावलं तर टाकायचं नाही हे त्यांना बजावून ठेवा. यूपीआय सर्कल म्हणून २०२४ मध्ये आलंय, त्यात बाबांनी क्यूआर स्कॅन केला की मंजुरी तुमच्या फोनवर मागितली जाते आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात, ते लावून द्या.

पेन्शनर_७४

@कर्वेनगर_नेटवर्कवाला बाकी सगळं पटलं, हे सर्कल मात्र मला नाही पटलं. भाजीवाल्याला वीस रुपये द्यायला मुलीची परवानगी मागायची? त्यापेक्षा वेगळं बचत खातं काढा, त्यात महिन्याचा खर्च तेवढा ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पेन्शनचं आणि एफडीचं खातं फोनपासून लांब. पैसे आमचे, खर्चही आमचा, आणि काही झालंच तर नुकसान तेवढ्यापुरतं.

कर्वेनगर_नेटवर्कवाला

काका, हे बरोबर आहे, वेगळं खातंच जास्त चांगलं. तरी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फोनजवळ लिहून ठेवा, पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल तितके ते अडवले जायची शक्यता जास्त.

वाकडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल तिकडे गेले होते, कॅमेऱ्याचा विषय काढलाच नाही, पेन्शनर काकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, चक्कर येते कधीकधी, सकाळी उठताना. हे मला माहीतच नव्हतं!! नाइट लॅचला तयार झालेत, फोटोचं पण आवडलं, घड्याळाचं बघू म्हणाले. आता एकच विचारायचंय, त्यांच्याकडे मनगटावरचं बीपी मशीन आहे, ते रोज वेगळेच आकडे दाखवतं. दुसरं घ्यावं का?

सिस्टर_धनकवडी

मी नर्स आहे, वॉर्डात आणि घरी जाऊन पेशंट बघते. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाच्या मशीनचे आकडे हात जरा वरखाली झाला तरी बदलतात. पट्टा दंडाच्या मापाचा हवा आणि उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, मध्ये बोलायचं नाही, आधी अर्धा तास चहा नाही. मिनिटभराने दुसरं रीडिंग घ्यायचं आणि दोन्ही लिहायची.

पण ताई, मशीनच्या आधी ती चक्कर डॉक्टरांना सांगा. उठताना चक्कर येते म्हणजे उभं राहिल्यावर बीपी खाली येत असू शकतं, बीपीच्या गोळ्यांनी असं होतं, आणि शुगर कमी झाली तरी चक्कर येते. म्हणून बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा असं बीपी मोजा, मोजताना कोणीतरी शेजारी उभं राहा. सकाळची शुगरपण बघा आणि आकड्यांचा कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने कमी करू नका. तोपर्यंत बाबांना सांगा, जाग आली की लगेच उठायचं नाही, पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग धरून उभं राहायचं. चक्कर येऊन पडले, बोलताना जीभ अडखळली किंवा तोंड वाकडं झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.