कोरड्या शुभेच्छा, खोचक शुभेच्छा

शनिवारी दोस्ताचा पन्नासावा वाढदिवस. पाचवीपासूनचा आमचा दोस्त, सातारचाच. दुकानात कार्डं बघितली तर सगळीकडे गुलाब आणि ‘तुझे जीवन सुगंधाने दरवळो’. हा गडी दरवळतो, पण कशानं ते आम्हाला माहीत आहे. मग घरी येऊन जाड कागद कापला आणि स्वतःच लिहिलं:

‘पन्नास झाली. केस गेले. माझे सातशे रुपये तेवढे अजून तुझ्याकडं आहेत. कासला जाताना गाडी मी चालवणार, तुला आता रात्रीचं दिसत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा.’

लेक म्हणाली, बाबा, हा कोरडा विनोद. मला काही ते पटेना. अशा लिहिण्याला आपल्यात नेमका शब्द काय?

उत्तर: ‘कोरडा’ नकोच. कोरडे आभार, कोरडी सहानुभूती म्हणजे आत ओलावा नाही. ‘कोरड्या शुभेच्छा नकोत, पार्टी कधी?’ असंही आपण म्हणतो. तुमच्या कार्डात माया आहे, वर ती सातशे रुपयांची आठवणसुद्धा. मी ‘तिरकस’ म्हणेन.

उत्तर: तिरकस कसं? तिरकस म्हणजे तिरपं, आडून बोललेलं. इथं तर सगळं सरळ तोंडावर आहे, टक्कल म्हणजे टक्कल. ‘खवचट’ म्हणावं तर त्यात थोडं विष येतं, समोरच्याला लागावं म्हणूनच माणूस खवचट बोलतो. ‘मिश्कील’ला डोळ्यांत हसू लागतं आणि हे कार्ड तर तलाठ्यानं पंचनामा लिहावा तसं लिहिलंय. माझं मत ‘खोचक’ला. पदर खोचतात, विळा आढ्याला खोचतात, तसं साध्या वाक्यात एक टोक खोचून ठेवलेलं. हात लावला की कळतं.

उत्तर: जरा अवांतर. पोवई नाक्यावरच्या फ्लेक्सवर ‘अभिष्टचिंतन’ बघून बघून डोळे शिणले. अभि + इष्ट, म्हणून ‘अभीष्ट’, भी दीर्घ. अर्थ, मनात हवं असलेलं. तुमच्या मित्राच्या मनात हवं असलेलं म्हणजे तुम्ही सातशे विसरावेत, म्हणजे हे अभीष्टचिंतन तर अजिबात नाही.

उत्तर: सांगलीकडून. ‘शालजोडीतला’ कुणी कसं सुचवलं नाही?

मूळ प्रश्नकर्ता: सुचला होता. म्हणून करून बघितलं. तेच कार्ड आदरार्थी लिहिलं: ‘आपली पन्नाशी झाली. आपले केस गेले. आमचे सातशे रुपये आपल्याकडे आहेत.’ हे मात्र अस्सल शालजोडीतलं! साहेबांना दिलं तर बदली नक्की. शब्द तेच, ‘तू’चं ‘आपण’ झालं आणि चेष्टेचा अपमान झाला. म्हणजे खोच वाक्यात नाही, एकेरीत आहे. ‘अरे’ म्हणायचा हक्क असेल तर खोचक, नसेल तर शालजोडीतलं. बायकोला दोन्ही वाचून दाखवली. ती म्हणाली, पहिलं द्या, पण पेढ्यांच्या पुड्यावर चिकटवून द्या.

उत्तर: मग झालंच की, घरचा आहेर! आपल्याच माणसानं सुनावलेलं, वर कंदी पेढे.

उत्तर: ‘कोरडा’ एवढाही टाकाऊ नाही हं. आमच्या सांगली-सातारकडं भाकरीबरोबर खायच्या कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणतात आणि ते चांगलं पातळ, रश्श्याचं असतं. कोरड्या भाकरीला लागतं म्हणून कोरड्यास. लेकीला सांगा, कोरडा विनोद नव्हे, कोरड्यास. गुलाबाच्या कार्डाबरोबर लावून खायला.

मूळ प्रश्नकर्ता: सांगितलं. तिनं विचारलं, ते सातशे नक्की कशाचे होते? आता ते मलाच आठवेना.