पानांच्या अर्काची अँटीऑक्सिडंट चाचणी : मात्रा वाढवल्यावर अवरोध कमी का दिसतो?

प्रश्न (एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, सोलापूर)

नमस्कार. डाळिंब, पेरू आणि शेवगा या तीन झाडांच्या पानांची अँटीऑक्सिडंट क्षमता पडताळणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. डाळिंब निवडण्याचे कारण असे की, आपल्याकडे बहार धरण्यापूर्वी छाटणी आणि पानगळ केली जाते आणि तेव्हा निघणारा पाला बांधावर वाया जातो. पाने सावलीत वाळवून, दळून, मिथेनॉलमध्ये आणि पाण्यात असे दोन वेगळे अर्क काढले आहेत. चाचणीसाठी १ मिलिलिटर अर्कात ०.१ मिलिमोलर डीपीपीएचचे (अँटीऑक्सिडंटमुळे रंग फिका होणाऱ्या जांभळ्या रसायनाचे) ३ मिलिलिटर द्रावण मिसळून, ३० मिनिटे अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घेते.

अडचणी तीन आहेत. अर्काची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत वाढवली की अवरोधाची टक्केवारी (म्हणजे डीपीपीएच किती टक्के संपले) वाढते, परंतु ८०० ला ती पुन्हा खाली येते, आणि पाण्याच्या अर्कात हे फार ठळकपणे दिसते. दुसरे म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा आयसी-५० (निम्मे डीपीपीएच संपवणारी मात्रा) माझ्याकडे १३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास येतो, तर काही शोधनिबंधांत तो ३ ते ५ दिलेला आहे. तिसरे म्हणजे डीपीपीएचमध्ये डाळिंब पेरूच्या पुढे आहे आणि फ्रॅप या दुसऱ्या अँटीऑक्सिडंट चाचणीत मात्र पेरू पुढे जातो. यातला कोणता निकाल खरा मानावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (रसायनशास्त्राचे अध्यापक)

तुमच्या पहिल्या दोन अडचणींचे उत्तर रीडिंगच्या वहीतच सापडेल. डीपीपीएच हे स्थिर मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आहे. त्याचे मिथेनॉलमधील द्रावण गडद जांभळे असते आणि अर्कातील फिनॉलिक संयुगांकडून हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन मिळाला की ते फिकट पिवळे होते. ही पद्धत ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडली. यंत्र मात्र जांभळा रंग कोणाचा आणि अर्काचा स्वतःचा रंग कोणता हे ओळखत नाही. क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक नळीत) किती प्रकाश अडला एवढेच ते सांगते. हरितद्रव्याचे मुख्य शोषण ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे ५१७ ला त्याचा त्रास होत नाही असे गृहीत धरले जाते, आणि कमी मात्रेला ते चालूनही जाते. जास्त मात्रेला ते का चालत नाही, हे प्रत्यक्ष आकड्यांवर पाहा. कंट्रोलचे (अर्काविना डीपीपीएचचे) रीडिंग ०.८५ आहे आणि अर्काने नव्वद टक्के डीपीपीएच संपवले आहे असे समजू. मग उरलेले खरे रीडिंग ०.०८५ असायला हवे. त्यात अर्काच्या रंगाचे किंवा गढूळपणाचे केवळ ०.०६ मिसळले, तर यंत्र ०.१४५ दाखवते आणि तुमचा अवरोध ९० वरून ८३ टक्क्यांवर येतो. अर्काची ताकद तसूभरही कमी झालेली नसते.

पाण्याच्या अर्कात हे अधिक ठळक होण्याचे कारण वेगळे आहे. पाण्यात विरघळलेली पिष्टे, श्लेष्मल द्रव्ये आणि प्रथिने मिथेनॉलशी गाठ पडताच साक्याच्या रूपाने बाहेर पडतात. क्युव्हेट खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिलीत, तर धुक्यासारखा थर तरंगताना दिसेल. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी स्वतंत्र सॅम्पल ब्लँक ठेवा : तेवढाच १ मिलिलिटर अर्क आणि डीपीपीएचऐवजी ३ मिलिलिटर नुसते मिथेनॉल. त्याचे रीडिंग चाचणीच्या रीडिंगमधून वजा करून मगच टक्केवारी काढा. साका जास्त असेल, तर ३० मिनिटांनंतर सेंट्रिफ्यूज करून वरचे स्वच्छ द्रावण वाचावे. ज्या मात्रेला अवरोध जवळजवळ पूर्ण झाला आहे, ती मात्रा आयसी-५० च्या गणितात धरूच नका. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान पाच-सहा बिंदू मिळतील अशी मालिका घ्या.

आता अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाविषयी. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो, त्यामुळे आयसी-५० किती यायला हवा हे कागदावर आधीच काढता येते. तुमच्या चार मिलिलिटर मिश्रणात डीपीपीएचची अंतिम तीव्रता ०.०७५ मिलिमोलर होते. त्यातले निम्मे संपवायला ०.०१८७५ मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल पुरते, म्हणजे १७६.१२ या रेणुभाराने गुणल्यावर सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. तुमचा १३ हा याच्या चौपट आहे, कारण तो नळीत टाकलेल्या द्रावणाच्या तीव्रतेवर काढलेला आहे. मिश्रणातील अंतिम तीव्रतेवर काढला, तर तो बरोबर जागेवर येतो. याचा अर्थ तुमचा डीपीपीएच आणि तुमचे पिपेटिंग दोन्ही चांगले आहे. प्रबंधात दोहोंपैकी कोणती तीव्रता वापरली हे स्पष्ट लिहा. निरनिराळ्या निबंधांतील आयसी-५० एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण डीपीपीएचची तीव्रता बदलली की तोच अर्क वेगळा आकडा देतो. तुलना करायचीच असेल, तर आपल्याच प्रयोगशाळेतील अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाशी किंवा ट्रोलॉक्स या प्रमाण अँटीऑक्सिडंटशी करावी.

उत्तर २ (नैसर्गिक द्रव्यांवर काम करणारी संशोधक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तिसऱ्या मुद्द्यापुरते लिहिते. बेन्झी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या फ्रॅप चाचणीत फेरिक लोहाचे फेरस लोह होते आणि निळा रंग ५९३ नॅनोमीटरला मोजला जातो. ती ३.६ सामूला, म्हणजे बऱ्यापैकी आम्लधर्मी द्रावणात होते आणि मूळ पद्धतीत रीडिंग चार मिनिटांत घेतात. डाळिंबाच्या पानांत टॅनिन भरपूर असतात. त्यांचे मोठे रेणू सावकाश इलेक्ट्रॉन देत राहतात आणि चार मिनिटांत त्यांचा हिशेब पूर्ण होत नाही. डीपीपीएचला आपण तीस मिनिटे देतो. त्यामुळे क्रम बदलला म्हणून एक चाचणी खोटी ठरत नाही. फ्रॅपचे रीडिंग चार मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी असे दोनदा घ्या. डाळिंबाचे रीडिंग दरम्यान पेरूपेक्षा जास्त चढले, तर कारण तुमच्या हाती आले. मात्र त्याआधी दोघांतील फरक खरोखर अर्थपूर्ण आहे का, हे पाहा. त्यासाठी एकाच अर्काच्या तीन क्युव्हेट पुरत नाहीत. पाने वेगळी वाळवून वेगळे काढलेले किमान तीन अर्क लागतात.

आणखी एक गोष्ट प्रबंधांत हमखास राहून जाते. आयसी-५० हा वाळवलेल्या अर्काच्या वजनावर असतो, पानांच्या नव्हे. पाण्याचा अर्क मिलिग्रॅममागे दुबळा दिसला, तरी दहा ग्रॅम भुकटीतून तो मिथेनॉलच्या अर्कापेक्षा अधिक निघत असेल, तर पानामागची त्याची एकूण क्षमता जास्त भरू शकते. पाला वाया जातो हाच तुमचा मूळ मुद्दा असल्यामुळे अर्काचे उत्पन्न टक्क्यांत नोंदवणे तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे.

उत्तर ३ (डाळिंब बागायतदार, कृषी पदवीधर)

पाला कोणत्या बागेतून आणि कोणत्या वेळी घेतला, हे कृपया तपासावे. तेल्या रोगामुळे आपल्या भागात बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्या वारंवार होतात. पानाच्या शिरेलगत आणि देठाशी निळसर पांढुरके डाग राहतात, आणि ते बोटाने पुसूनही पूर्ण जात नाहीत. तांबे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवते, हे आपण जाणताच. शिवाय इथ्रेल मारून गळवलेली पाने पिवळी पडून खाली येतात; छाटणीतली हिरवी, पक्की पाने आणि ही पाने एकाच गोणीत भरली, तर तो नमुना कोणत्याच अवस्थेचा राहणार नाही. शक्य असल्यास परसातील न फवारलेल्या झाडाची पाने सोबत घ्यावीत. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. वाण आणि फवारणी यांविषयी तेथील तज्ज्ञांशी बोलता येईल.

एक विनंतीही करतो. असा निकाल हाती आला की लगेच ‘आरोग्यवर्धक पानांचा चहा’ म्हणून विक्रीची भाषा सुरू होते. फवारलेल्या बागेच्या पाल्याबाबत हे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. सॅम्पल ब्लँक आणि फ्रॅपचे दुहेरी रीडिंग लगेच घेईन, आणि परसातील झाडाची पानेही मिळवेन. चहाच्या मुद्द्यावर प्रबंधात काय लिहिणे योग्य ठरेल? आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना पाने कशी वाळवावीत?

उत्तर २ मधील संशोधक

प्रबंधात एवढेच लिहा की अर्काने परीक्षानळीत मुक्त मूलके निष्प्रभ केली. शरीरात ही संयुगे कितपत शोषली जातात आणि त्यांचे पुढे काय रूपांतर होते, हे डीपीपीएच सांगू शकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांचा (अशाच आणखी एका नळीतील अँटीऑक्सिडंट चाचणीच्या आकड्यांचा) तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, त्यामागे हेच कारण होते : नळीतील आकड्यांचा वापर जाहिरातींत आरोग्याचा दाखला म्हणून होऊ लागला होता.

वाळवण्यासाठी गच्ची टाळा, कारण तापमानापेक्षा थेट ऊन अधिक नुकसान करते. पाने धुऊन, पाणी निथळून, खोलीत पंख्याखाली एकेरी थरात पसरा. थर जाड झाला तर आतली पाने काळी पडतात, कारण ओलाव्यात विकरे फिनॉलिक संयुगे खात राहतात. ओव्हन उपलब्ध असेल तर ४० ते ४५ अंश पुरेसे आहेत. भुकटी हवाबंद, गडद रंगाच्या बाटलीत ठेवा, डीपीपीएच रोज ताजे बनवा आणि तिन्ही झाडांचे अर्क एकाच दिवशी, एकाच डीपीपीएचने तपासा.